प्लास्टिक का तुटतं, का विरतं, का चिकटतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी मोल्डिंगचा कारखाना आणि मग चाचणी प्रयोगशाळा, असं माझं आयुष्य गेलं. त्यामुळे ओळखीतलं कुणाचंही काही तुटलं की त्याचा फोटो माझ्याकडे येतो. सोबतचं वाक्य ठरलेलं: "माल डुप्लिकेट निघाला." कधी तो खरंच तसा असतो (प्रश्न १७). पण बऱ्याचदा माल बरा असतो आणि आपण त्याला विचारलेला प्रश्नच अर्धा असतो. लोखंडाला "किती वजन पेलशील" विचारलं की बहुतेक वेळा भागतं. प्लास्टिकला मात्र किती वेळ, किती उष्णतेत आणि कशाला चिकटून, हेही विचारावं लागतं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सलग वाचायची गरज नाही, फक्त पहिलं उत्तर आधी वाचा, त्यातले शब्द पुढे लागतात.

१. पॉलिमर, प्लास्टिक आणि रबर हे एकच की वेगवेगळे?

पॉलिमर हे घराणं, प्लास्टिक आणि रबर त्याच्या शाखा. सगळ्यांत समान गोष्ट म्हणजे रेणूंच्या लांबलचक साखळ्या. एकेका साखळीत हजारो, कधी लाखो अणू असतात. हर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० साली हे मांडलं तेव्हा एवढा मोठा रेणू असूच शकत नाही म्हणून अनेक रसायनशास्त्रज्ञांनी त्यांना मोडीत काढलं. १९५३ साली त्याच कामाबद्दल त्यांना नोबेल मिळालं.

शेवयांच्या खिरीचं पातेलं डोळ्यांसमोर आणा. गरम असताना शेवया एकमेकींवरून घसरतात, गार होऊन आळल्या की चमच्यासोबत अख्खा गोळा वर येतो. प्लास्टिकचंही तसंच. ज्या तापमानाखाली साखळ्यांची चुळबुळ थांबते आणि पदार्थ काचेसारखा कडक होतो, त्याला काचसंक्रमण तापमान म्हणतात. कारखान्यात सगळे 'टीजी' म्हणतात, मीही तेच म्हणेन. कंपासपेटीतल्या पारदर्शक पट्टीच्या पॉलिस्टायरीनचा टीजी १०० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणून ती आपल्या हवेत कडक आणि ठिसूळ. नैसर्गिक रबराचा उणे ७० च्या आसपास, म्हणून ते लवचिक. त्यात चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये शोधल्याप्रमाणे गंधक घालून तापवलं की साखळ्या एकमेकींना टाके घातल्यासारख्या जोडल्या जातात आणि ताणलेलं रबर पुन्हा जागेवर येतं.

पॉलिथीनचा टीजी तर उणे १०० च्याही खाली आहे. मग ते रबर का नाही? कारण त्यातल्या बऱ्याच साखळ्या घड्या घालून स्फटिकांत बसलेल्या असतात. स्फटिक कडकपणा देतात आणि मधला गुंता चिवटपणा. ही जोडी लक्षात ठेवा, पुढे अनेकदा लागेल.

२. बादली वर्षभर ठणठणीत होती, डिसेंबरात हातातून पडली आणि फुटली. एवढ्याशा थंडीने?

हो, एवढ्याशा थंडीने. बादलीच्या पॉलिप्रॉपिलीनचा टीजी शून्य अंशाच्या आसपास आहे. निफाडकडे थंडीत पारा पाच अंशांखाली उतरतो, म्हणजे आपण त्या उंबरठ्यावरच उभे असतो. त्यात पडणं ही क्षणार्धात होणारी गोष्ट. साखळ्यांना सरकायला वेळच मिळाला नाही की त्या थंडी आणखी जास्त असल्यासारख्या वागतात. हळू दाबली तर तीच बादली वाकेल, आपटली तर फुटेल.

यावरचा उपाय कारखान्यात निघतो. कच्च्या मालाच्या दाण्यात रबरी कण असलेला 'कोपॉलिमर' प्रकार वापरला की ते कण धक्का पचवतात. साधा 'होमोपॉलिमर' स्वस्त आणि कडक, पण थंडीला भित्रा. फुटलेली बादली उलटी करून बघा. तळाच्या मधोमध एक बारीक गाठ दिसेल. वितळलेला माल साच्यात तिथून शिरला, ते 'गेट'. तिथे आतले ताण सगळ्यात जास्त कोंडलेले असतात आणि तडे बहुधा तिथूनच चांदणीसारखे फाकतात.

३. हुकवर 'पाच किलो' लिहिलंय. मी चार किलोचीच पिशवी अडकवली, तरी तीन महिन्यांनी तुटला. फसवणूक ना?

छापणाऱ्याने 'किती दिवस' हे लिहिलं नाही, एवढी फसवणूक नक्की. स्थिर वजनाखाली प्लास्टिक सावकाश ताणत राहतं, याला क्रीप म्हणतात. गुंत्यातल्या साखळ्या एकेक करून सुटत जातात आणि एक दिवस, वजन तेवढंच असताना, हुक तुटतो. पुस्तकांच्या भाराने प्लास्टिकची फळी पोक काढते तीही यामुळेच.

पाइपवाल्यांनी हे फार पूर्वी ओळखलं. पाणीपुरवठ्याच्या काळ्या पाइपवर 'पीई १००' छापलेलं असतं. त्यातला १०० म्हणजे २० अंश तापमानाला ५० वर्षं टिकेल असा १० मेगापास्कलचा ताण. तोच माल यंत्रात धरून झटकन ओढला तर तो २० मेगापास्कलच्या वर जातो. म्हणजे निम्म्याहून जास्त ताकद काळाच्या नावाने आधीच बाजूला काढून ठेवलेली आहे. ५० वर्षं वाट बघायला अर्थातच कुणी बसत नाही. पाइप ८० अंशांच्या पाण्यात दाबाखाली ठेवतात, कारण उष्णता म्हणजे साखळ्यांचं घड्याळ पळवणं. हुक गिझरशेजारी असेल तर तुमच्या घरीही तोच प्रयोग चालू आहे.

झटक्याचं वजन हा वेगळाच विषय, त्यासाठी प्रश्न २.

४. कुकरची रिंग सैल झाली की आई ती फ्रीजरमध्ये ठेवते. यात काही शास्त्र आहे की नुसती समजूत?

आईचं बरोबर आहे, पण तात्पुरतं. रबर थंडीत आकसतं आणि धातूच्या मानाने बरंच जास्त आकसतं. वीस सेंटिमीटर व्यासाच्या रिंगचा घेर ६३ सेंटिमीटर. फ्रीजरमध्ये तो चार-पाच मिलिमीटरनी कमी होतो. झाकणात पुन्हा घट्ट बसायला तेवढं पुरतं. कुकर तापला की हा फायदा संपतो, पण तोवर वाफेच्या दाबाने रिंग जागेवर दाबली गेलेली असते.

खरा आजार वेगळा आहे. रोज दाबून, तापवून, तेलकट वाफेत ठेवलेल्या रबरात जुने टाके तुटतात आणि दबलेल्या अवस्थेतच नवे पडतात. त्यामुळे रिंग दबलेल्या आकारालाच आपला आकार मानू लागते. याला व्यवसायात 'कॉम्प्रेशन सेट' म्हणतात आणि तो फ्रीजरने उलटत नाही. नखाने दाबल्यावर खळगा भरून येत नसेल तर रिंग बदला.

थंडीचं दुसरं तोंडही आहे. थंड रबर परत फुगायला वेळ लावतं. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान उडालं तेव्हा हवा साधारण २ अंश होती. बूस्टर रॉकेटच्या सांध्यातली रबरी ओ-रिंग फट रुंदावताच तिच्यामागोमाग फुगू शकली नाही, गरम वायू निसटला आणि सात अंतराळवीर गेले. पुढे चौकशीत रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि सोडल्यावर तो लगेच पूर्ववत होत नाही, हे सगळ्यांसमोर दाखवलं. रबर तुटलं नव्हतं. त्याला फक्त उशीर झाला.

५. ताणलेलं रबर तापवलं की लांबण्याऐवजी आखडतं, असं वाचलं. मग चौथ्या प्रश्नाशी हे उलटं नाही का?

उलटं वाटतं, पण नाही. चौथ्या प्रश्नातली रिंग ताणलेली नव्हती. सैल रबर इतर पदार्थांसारखंच तापल्यावर पसरतं. भरपूर ताणलेल्या रबरात मात्र साखळ्या सरळ, ओळीत उभ्या असतात. उष्णता त्यांना पुन्हा विस्कटायला लावते आणि विस्कटलेली साखळी आखूड असते.

घरी करून पाहा. जाड रबरबँड ओठांना लावा आणि झटकन ताणा. ऊब जाणवेल. तसाच ताणून थोडा वेळ धरा, मग सैल सोडून पुन्हा ओठांना लावा. गार लागेल. इंग्लंडमधल्या जॉन गॉ या अंध निसर्गअभ्यासकाने हे १८०५ साली असंच ओठांनी नोंदवलं आणि जेम्स जूल यांनी १८५९ मध्ये नीट मोजलं. रबराचा ओढा हा मुख्यतः विस्कटण्याच्या ओढीतून येतो, धातूच्या स्प्रिंगसारखा अणू एकमेकांपासून दूर खेचल्याने नाही.

६. प्लास्टिक वाकवलं की तिथे पांढरी रेघ उमटते. तो तडा समजायचा का?

तडा नव्हे, तड्याच्या आधीची पायरी. वाकलेल्या जागी असंख्य सूक्ष्म पोकळ्या उघडतात, प्रकाश त्यांत विखुरतो आणि पांढरं दिसतं. पॉलिस्टायरीनसारख्या कडक मालात या पोकळ्यांच्या दोन्ही काठांना बारीक धागे जोडून धरतात. पुरणपोळीचं पीठ ताणल्यावर सुटतात तसे. या अवस्थेला क्रेझ म्हणतात. धागे टिकून आहेत तोवर ती जागा भार पेलते. तुटले की खरा तडा.

मात्र सगळीच पांढरी रेघ वाईट नसते. खोबरेल तेलाच्या बाटलीचं किंवा टिफिनचं सतत उघडमिट होणारं झाकण आठवा. ती पातळ पट्टी पॉलिप्रॉपिलीनची असते आणि पहिल्यांदा वाकवल्यावरच तिच्यातल्या साखळ्या घडीच्या आडव्या दिशेने ओळीत येतात. त्यानंतर ती हजारो वेळा वाकते. म्हणून साच्यातून निघालेलं झाकण गरम असतानाच एकदा मिटून घेतात.

७. कॅरीबॅग एका बाजूने सरळ फाटते, दुसऱ्या बाजूने नुसती ताणते. आणि शाम्पूची पुडी ओल्या हाताने फाटता फाटत नाही! का?

पिशवीचा कागद बनताना फुग्यासारखा फुगवत वर ओढला जातो. ओढण्याच्या दिशेने साखळ्या झोपतात. त्यांना समांतर फाडलं तर लाकूड रेषेवर चिरल्यासारखं सरळ जातं, आडवं ओढलं तर ताणतं. उसाचा करवा दातांनी सोलणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

पुडीचं उत्तर खाचेत आहे. सलग कडेवर ताण सगळीकडे वाटला जातो. खाच असली की तो तिच्या टोकाशी साठतो. खाच जितकी टोकदार तितका साठा जास्त. ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२०-२१ मध्ये काचेवर काम करून दाखवलं की पदार्थाची ताकद त्यातल्या सगळ्यात मोठ्या भेगेवर ठरते. पुडीची कड करवतीसारखी कापलेली असते ती म्हणूनच, आणि ओल्या बोटांनी ती खाच सापडत नाही ही आपली अडचण. पॉलिकार्बोनेटसारखा हातोडीला न जुमानणारा मालही टोकदार खाच पडली की फारच भित्रा होतो. तुमच्या डिझाइनमध्ये आतला कोपरा काटकोनात असेल तर तो गोल करा. मी पाहिलेल्या 'खराब मालाच्या' तक्रारींपैकी कितीतरी एका गोलाईने मिटल्या असत्या.

८. पाण्याच्या बाटलीत उकळतं पाणी ओतलं, ती चिमटली. विषारी झाली का?

विषाचं सोडा, चिमटण्याचं कारण सांगतो. ही बाटली पेट नावाच्या प्लास्टिकची, त्याचा टीजी ७० ते ७५ अंश. बाटली गरम नळीसारख्या तुकड्यातून फुगवतात आणि ताणलेल्या अवस्थेतच थंड करतात. उकळत्या पाण्याने साखळ्या सुटतात आणि जुना आकार शोधू लागतात. स्क्रूचा गळा तसाच राहतो, कारण तो फुगवलेला नसतो.

९. गच्चीवरची खुर्ची पांढरट, पिठूळ झाली आणि बसताच मोडली. काळी टाकी मात्र पंधरा वर्षं तशीच. रंगाचा एवढा फरक?

ऊन दोघींवर सारखंच पडतं. सूर्यप्रकाशातल्या ३०० नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील किरणांत कार्बन-कार्बन बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. शुद्ध पॉलिथीन किंवा पॉलिप्रॉपिलीन हे किरण शोषतच नाही. शोषतात ती मालात राहिलेल्या उत्प्रेरकाची किंवा तापवताना झालेल्या ऑक्सिडेशनची बारीक घाण. तिथून सुरुवात झाली की हवेतला ऑक्सिजन पुढचं काम करतो. एक तुटलेली साखळी दुसरीला तोडते, आगीची ठिणगी पसरावी तशी. पॉलिप्रॉपिलीन यात जास्त नाजूक, कारण त्याच्या प्रत्येक दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज निसटतो.

टाकीत किंवा ठिबकच्या नळीत काजळीसारखी बारीक कार्बन ब्लॅक घातलेली असते, साधारण दोन ते तीन टक्के. ती किरण पृष्ठभागावरच गिळते. नुसती टक्केवारी पुरी असून भागत नाही, ती नीट मिसळलेली हवी. गुठळ्या राहिल्या तर संरक्षण नाही, उलट प्रत्येक गुठळी म्हणजे एक खाच (प्रश्न ७). म्हणून नळीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघतात.

एक गमतीची चाचणी. उन्हाने खराब झालेली पट्टी घ्या आणि पिठूळ बाजू आत ठेवून वाकवा. बहुधा वाकेल. आता पिठूळ बाजू बाहेर ठेवून वाकवा. कडकन तुटेल. खराब झालेला थर केसाच्या जाडीचा असतो, आतला माल चांगला असतो. पण ठिसूळ थरात सुरू झालेला तडा वेगाने आत घुसतो आणि चांगल्या मालालाही फाडतो.

१०. पॉलिहाउसच्या कागदाला तीन वर्षांची हमी होती, दीड वर्षातच फाटला. विक्रेता म्हणतो, तुमच्याच फवारणीमुळे. खरं की हात झटकतोय?

दोन्ही असू शकतं. पण त्याचं म्हणणं निराधार नाही, आणि मला हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळ लावून समजावावा लागतो.

पारदर्शक कागदात कार्बन ब्लॅक घालता येत नाही, पिकाला उजेड हवा. म्हणून त्यात 'हाल्स' नावाची अमाइन वर्गातली स्थिरक रसायनं घालतात. ती किरण अडवत नाहीत. प्रश्न ९ मधल्या ठिणग्या विझवत राहतात आणि त्यात स्वतः संपत नाहीत, हे त्यांचं वैशिष्ट्य. पण ती स्वभावाने अल्कधर्मी आहेत. गंधक धुरळलं, गंधकाची धुरी दिली किंवा क्लोरीनयुक्त औषधं वापरली की उन्हात आणि दमटपणात त्यांच्यापासून आम्लं बनतात. आम्ल आणि अमाइन एकत्र आले की क्षार होतो, स्थिरक निकामी होतो आणि कागद उघडा पडतो. गुलाबावरच्या भुरीसाठी गंधक वापरणाऱ्यांना हा फटका ठाऊक आहे.

आता विक्रेत्याची बाजू तपासायची कशी? फाटलेली जागा कुठे आहे ते बघा. लोखंडी पाइपला टेकलेल्या ओळीतच फाटला असेल तर कारण वेगळं. उन्हात पाइप हवेपेक्षा खूप तापतो आणि तेवढ्याच पट्ट्यात कागद लवकर म्हातारा होतो. पाइपला पांढरा रंग द्या किंवा पट्टी लावा. सगळीकडे, मोकळ्या भागातही ठिसूळ झाला असेल तर फवारणी किंवा मुळातच कमी स्थिरक, या दोनच शक्यता उरतात. न वापरलेला तुकडा जपून ठेवला असेल तर प्रयोगशाळेत दोन्हींतलं गंधक आणि क्लोरीन मोजून निकाल लागतो. तुकडा ठेवला नसेल तर वाद घालत बसावं लागतं. नवा कागद चढवताना हातभर कापून, तारीख टाकून, अंधारात ठेवत जा. खरेदीच्या वेळी गंधकाचा वापर सांगा, त्यासाठी वेगळे प्रकार मिळतात.

११. ॲक्रिलिकचा बोर्ड लेझरने कापला, कडा स्पिरिटने पुसल्या आणि डोळ्यांसमोर चिरा पडल्या. स्पिरिट ॲक्रिलिकला खातं का?

खात नाही. तोच ॲक्रिलिकचा तुकडा आतला ताण काढून स्पिरिटने पुसला तर काही होत नाही. आणि कापलेला तुकडा पुसलाच नसता तरी तो बरीच वर्षं शाबूत राहिला असता. ताण आणि द्रव दोन्ही एकत्र आल्यावरच हे घडतं. लेझरने कड वितळून पटकन थंड झाली, तिथे ओढ कोंडली. स्पिरिट सूक्ष्म क्रेझमध्ये (प्रश्न ६) शिरलं, धाग्यांतल्या साखळ्यांना वंगण मिळालं आणि त्या निसटल्या. रासायनिक क्रिया शून्य. आमच्या धंद्यात प्लास्टिक अकाली तुटण्याचं हे फार मोठं कारण आहे आणि ते 'रसायनाला टिकतं' असं लिहिलेल्या तक्त्यांत दिसत नाही, कारण तक्ते ताण न देता नुसतं बुडवून बनवलेले असतात. उपाय म्हणजे कापल्यावर ८० अंशांच्या भट्टीत काही तास ठेवून सावकाश थंड करणं, आणि स्पिरिटऐवजी साबणाचं पाणी.

पण साबणाचं पाणी पॉलिथीनला चालत नाही! म्हणजे चालतं, ताण नसेल तर. ताणाखालच्या पॉलिथीनला साबण तसाच चिरतो. स्फटिकांना जोडणाऱ्या साखळ्या तो सोडवतो. पॉलिथीनची चाचणी करताना पट्टीला खाच पाडून, वाकवून डिटर्जंटमध्येच ठेवतात.

हेल्मेटबद्दल वेगळं सांगतो. पॉलिकार्बोनेट किंवा एबीएसच्या हेल्मेटवर थिनरचा रंग, पेट्रोलने पुसणं, भलता गोंद लावून स्टिकर, यातलं काहीही करू नका. वरून चकचकीत दिसेल. कळायचं ते अपघाताच्या वेळी कळेल.

१२. खोडरबर प्लास्टिकच्या पट्टीला चिकटून बसतं, पट्टीवर खड्डा पडतो. खोडरबरात आम्ल असतं का?

आम्ल नाही, तेल. पांढरं खोडरबर बहुधा रबर नसतंच, ते पीव्हीसी असतं. कडक पीव्हीसीचा टीजी ८० अंशांच्या आसपास. तेलकट प्लास्टिसायझर घातल्यावर तो खोलीच्या तापमानाखाली येतो आणि माल मऊ होतो. हे तेल साखळ्यांना बांधलेलं नसतं, नुसतं मध्ये राहिलेलं असतं. शेजारी पॉलिस्टायरीन दिसलं की तिकडे सरकतं आणि त्यालाही मऊ करतं. कागदी वेष्टन त्यासाठीच असतं. फाडून टाकू नका.

थर्माकोलला (तेही पॉलिस्टायरीनच) टेकलेली विजेची वायर त्यात रुतते, ती याच कारणाने. जुना रेनकोट किंवा रेक्झिनचं कव्हर आधी चिकट आणि मग कडक होतं. आधी तेल बाहेर आलं, मग उडून किंवा पुसून गेलं.

१३. महागडे बूट चार वर्षं खोक्यात जपून ठेवले. लग्नाला घातले आणि मांडवातच तळवे चुरा होऊन पडले!

हा प्रश्न लग्नसराईत हमखास येतो. तळवा पॉलियुरेथेनचा होता. त्यातल्या पॉलिएस्टर प्रकाराच्या साखळ्यांत पाण्याला तोडता येतील असे बंध असतात. पाणी म्हणजे पावसात भिजणं नव्हे, हवेतला दमटपणा पुरतो. कोकणात आणि मुंबईत चार पावसाळे म्हणजे पुष्कळ झालं. तुटताना आम्ल तयार होतं आणि ते पुढच्या तुटण्याला वेग देतं. म्हणून सगळं ठीक दिसता दिसता अचानक भुगा होतो. बंद खोक्यात दमट हवा आणि आम्ल दोन्ही कोंडतात. बूट वापरा, मोकळ्या हवेत ठेवा. रबरी तळव्याला हा आजार नाही, त्याचा वेगळा आहे (प्रश्न १५).

१४. पाण्याने तळवे तुटतात, मग मेकॅनिक नायलॉनचं गिअर बसवण्याआधी पाण्यात का उकळतो?

कारण नायलॉनला पाणी हवं असतं. साच्यातून निघालेलं कोरडं नायलॉन ठिसूळ. नायलॉन ६ नेहमीच्या हवेत सुमारे तीन टक्के आणि बुडवून ठेवलं तर नऊ टक्क्यांपर्यंत पाणी पितं. पाणी साखळ्यांमधली पकड सैल करतं, टीजी खाली येतो आणि दात चिवट होतात. म्हणजे पाणी इथे प्रश्न १२ मधल्या तेलाचं काम करतं. किंमत अशी की गिअर किंचित फुगतं आणि मऊ होतं, त्यामुळे मापं उकळल्यानंतर घ्यायची. मात्र हाच दाणा वितळवण्याआधी कोरडा करावा लागतो. २२० अंशांच्या वर गेल्यावर हेच पाणी साखळ्या तोडतं.

१५. स्टेपनी एकदाही रस्त्यावर उतरली नाही, तरी बाजूला भेगा. कशाने?

ओझोनने. जमिनीलगतच्या हवेत तो अब्जांश भागांत असतो, पण रबराच्या साखळीतल्या दुहेरी बंधांना तेवढा पुरतो. अट एकच, रबर थोडं तरी ताणलेलं हवं. भेगा नेहमी ताणाच्या काटकोनात पडतात. टायरमध्ये याविरुद्ध मेण आणि '६पीपीडी' नावाचं रसायन घालतात. ते सावकाश पृष्ठभागावर येऊन स्वतः ओझोनला सामोरं जातं. चालत्या टायरमध्ये रबर वाकून वाकून मेणाचा थर पुन्हा पुन्हा तयार होतो. उभ्या टायरमध्ये तसं होत नाही. टायरच्या बाजूवरचा तपकिरी थर ही घाण नव्हे, पॉलिश मारून घासू नका. या रसायनाला दुसरी बाजूही आहे. ओझोनशी त्याची क्रिया होऊन बनणारा पदार्थ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कोहो सॅमन माशांना मारतो, हे २०२० मध्ये उघड झालं.

गाडीच्या दाराची ईपीडीएम रबराची पट्टी का टिकते? तिच्या मुख्य साखळीत दुहेरी बंधच नाहीत.

१६. काहीच लागलं नाही, ऊन नाही, ताण नाही, कपाटात होतं. तरी प्लास्टिक म्हातारं होतं?

होतं. टीजीच्या खाली साखळ्या थिजतात, पण पूर्ण नाही. महिनोन्‌महिने त्या कणाकणाने दाटीवाटीत बसत राहतात, माल किंचित घट्ट आणि बराच ठिसूळ होतो. यात एकही बंध तुटत नाही. टीजीच्या वर तापवून थंड केलं तर हे वय पुसलं जातं, असं म्हातारपण विरळाच.

रासायनिक म्हातारपणाचं नमुनेदार उदाहरण सिनेमाच्या रिळांचं. सेल्युलोज ॲसिटेटची फिल्म दमट उष्ण हवेत ॲसिटिक आम्ल सोडते, डब्याला व्हिनेगरचा वास येतो आणि ते आम्ल उरलेल्या फिल्मला आणि शेजारच्या डब्यांनाही पोखरतं. त्याआधीची नायट्रेट फिल्म तर ज्वालाग्राही. २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. जुन्या घरगुती रिळांना आंबूस वास येत असेल तर त्यांना इतरांपासून आजच वेगळं करा, हवाबंद डब्यात कोंडू नका, थंड कोरड्या जागी ठेवा आणि लवकर स्कॅन करून घ्या.

१७. रिप्रोसेस, म्हणजे पुन्हा वितळवून बनवलेला, माल ओळखायचा कसा? आणि तो कमजोर का?

नुसत्या डोळ्यांनी खात्रीने ओळखता येत नाही. वास, ठिपके, मळकट रंग हे इशारे, पुरावा नव्हे. प्रत्येक वितळवण्यात पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या आखूड होतात, म्हणून माल पातळ वाहतो आणि एमएफआय, म्हणजे वितळलेला माल किती सहज वाहतो त्याचं माप, वाढतं. पॉलिथीनमध्ये उलटही होऊ शकतं. साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन तो घट्ट होतो. पण माझ्या अनुभवात कमजोरीचं मोठं कारण भेसळ आहे. पॉलिथीनमध्ये थोडं पॉलिप्रॉपिलीन किंवा पेट आलं की ते तेल-पाण्यासारखं वेगळं राहतं आणि प्रत्येक सीमारेषा तड्याला आमंत्रण देते. नीट वेगळा केलेला, स्वच्छ, स्थिरक पुन्हा घातलेला माल बादलीला उत्तम. दाबाच्या पाइपला नको.

१८. पारदर्शक मोबाइल कव्हर पिवळं पडतं. धुऊन जाईल का?

नाही. तो मळ नसून टीपीयू या मऊ पॉलियुरेथेनच्या साखळीतल्या गटांवर ऊन-हवेने झालेली क्रिया आहे. ताकद बहुधा तेवढीच राहते.

१९. प्लास्टिक शेकडो वर्षं टिकतं म्हणता, आणि प्रश्न ९ मध्ये खुर्ची उन्हाने मोडते म्हणता. नक्की काय?

वस्तू मरते, पदार्थ उरतो. ताकद जायला प्रत्येक साखळी एक-दोनदा तुटणं पुरतं, कारण गुंता सुटला की सगळं सुटलं. पण जिवाणूंना खाता येण्याइतकं बारीक व्हायला साखळी शेकडो वेळा तुटावी लागते. मधल्या काळात जे असतं ते म्हणजे सूक्ष्म प्लास्टिक. मातीत गाडलं की ऊन आणि ऑक्सिजन कमी होतात आणि गती आणखी मंदावते. 'कंपोस्टेबल' म्हणून विकल्या जाणाऱ्या पीएलए प्लास्टिकची पिशवी वेगळी, पण तिलाही ६० अंशांच्या आसपासचा तापलेला ढीग लागतो. तिचा टीजी तिथेच आहे. कुंडीत पुरून वाट पाहणाऱ्यांची निराशा होते.

२०. तुटलेला तुकडा बघून कारण सांगता येतं का? काय पाठवू?

बऱ्याचदा येतं. ओढून तुटलेल्या जागी केसांसारखे धागे आणि पांढरेपणा दिसतो. झटक्याने फुटलेल्या जागी उगमापाशी आरशासारखा गुळगुळीत ठिपका आणि पुढे खडबडीत. पुन्हा पुन्हा वाकून तुटलं असेल तर ओहोटीनंतर वाळूवर उरतात तशा ओळीमागून ओळी. द्रव आणि ताणाने चिरलं असेल (प्रश्न ११) तर चकचकीत पृष्ठभाग, पांढरेपणा जवळजवळ नाही, आणि शेजारी समांतर बारीक चिरा.

पाठवायचे असतील तर दोन्ही तुकडे पाठवा, वेगवेगळ्या कागदी पाकिटांत. धुऊ नका, पुसू नका. आणि तुटलेल्या कडा जुळतात का म्हणून एकमेकींना लावून बघू नका. सगळे तेच करतात आणि जे वाचायचं असतं ते तिथेच घासून जातं.